डिफ विकायचा आहे

"डिफ अजून आहे का?" असा मेसेज आला तेव्हा माझ्या हातात कुणा म्हाताऱ्याच्या खालच्या जबड्याची कवळी होती आणि मी तिच्यातल्या शेवटच्या दाढेभोवती मेण भरत होते. फोन टेबलावर पालथा ठेवला होता. तो थरथरला, माझा हात हलला, गरम सुरी मेणात नको तेवढी घुसली आणि दाढ कलली. सकाळपासूनचं काम पाण्यात. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण मान वर न करता म्हणाली, "काय गं, घरून का?" मी म्हटलं, "गिऱ्हाईक आहे." "कवळीचं?" "नाही." तिने पुढे विचारलं नाही. आमच्याकडे दातांचे डॉक्टर साचे पाठवतात आणि आम्ही त्यावरून कवळ्या करून देतो. बोललं की हात हलतो, म्हणून आम्ही सगळ्याजणी कामापुरतंच बोलतो. मी फोन उलटा केला आणि मेसेज पुन्हा वाचला. जाहिरात मी आदल्या संध्याकाळी टाकली होती, बाथरूमचं दार लावून, नळ सोडून, स्वतःच्याच घरात चोरासारखी. टाकताना वाटलं होतं, कोण बघतंय. रागाच्या भरात भांडं आपटावं तशी ती जाहिरात मी आपटली होती आणि आपटून मोकळी झाले होते. आता कुणीतरी दारात उभं राहून ते भांडं मागत होतं. मी "आहे" असं लिहिलं. मग "आजच न्यावा लागेल" असंही लिहिलं. सुरी बाजूला ठेवली. मुख्य बाईंकडे जाऊन दात दुखतोय म्हणून लवकर सोडा म्हटलं. कवळ्यांच्या कारखान्यात दात दुखतो म्हणून रजा मागणारी मी पहिलीच असेन, पण त्या हसल्या नाहीत. माझा चेहराच तसा झाला असणार.

डिफ म्हणजे डिफरेन्शियल, आणि तोही साधा नाही, लिमिटेड स्लिप. लग्नाआधी नवऱ्याने मला तो एका उपाहारगृहाच्या टेबलावर दोन बश्या आणि एक चमचा घेऊन समजावला होता. माणसं प्रेमात पडली की चंद्राबिंद्राबद्दल बोलतात, हा मागच्या चाकांबद्दल बोलत होता. गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला जास्त पळावं लागतं, आतल्याला कमी. साधा डिफ त्यांना तेवढी मोकळीक देतो, पण मग एखादं चाक वाळूवर नाहीतर हवेत गेलं की सगळी ताकद त्याच रिकामटेकड्या चाकाला देऊन बसतो. हा दुसरा तसं होऊ देत नाही. याच्या पोटात चकत्यांची चळत असते, प्लेटी म्हणतात त्यांना. त्या एकमेकींना दाबून धरतात आणि दोन्ही चाकांना फार वेगळं होऊ देत नाहीत. आमच्या लग्नात त्याच्या शर्यतींच्या क्लबातल्या मित्रांनी यावरून नवराबायकोचा काहीतरी विनोद केला होता आणि सगळे खो खो हसले होते. मला आलं नाही हसू. मला यंत्रातली गोष्ट यंत्राचीच राहिलेली आवडते, तिला माणसाळवलं की तिडीक येते. आणि डिफ मला खरंच कळला होता, कारण माझंही काम तसलंच. वरची दाढ खालच्या दाढेवर कुठे टेकते ते आम्ही निळ्या कागदाने बघतो, आणि हे गाडीवाले गिअरच्या दात्यांना निळी पेस्ट लावून बघतात. गॅरेजात त्याच्याशेजारी उभी राहून त्या निळ्या खुणा बघताना एखाद्या संध्याकाळी मला वाटलेलं आहे की याच्याइतकं माझं म्हणणं कुणाला कळणार नाही. तो दिवसभर औषधांच्या गोदामात खोकी मोजून घ्यायचा, मी दिवसभर परक्या तोंडांत बसायचे, आणि संध्याकाळी आम्ही दोघं मिळून एका लोखंडाच्या गठ्ठ्याकडे टक लावून बघायचो. सुखात होतो. आज म्हणायला जड जातं, पण होतो.

बसमधून घरी येताना खिडकीला डोकं टेकलं आणि पुन्हा ते मैदान आलं. हल्ली डोळे मिटायचा अवकाश, मैदान हजर. नव्या प्लेटी बसवल्या की गाडी लगेच पळवायची नसते. प्लेटी एकमेकींवर नीट बसायला हव्यात, म्हणून मोकळ्या जागेत अगदी हळू, पहिल्या गिअरमध्ये, इंग्रजी आठ काढत राहायचं. एकदा डावीकडे गोल, एकदा उजवीकडे गोल, पुन्हा डावीकडे. बघणाऱ्याला वाटावं की गाडीवाल्याचं डोकं फिरलंय. मी पहिल्यापासून सोबत जायचे. मळमळायचं, तेलाचा उग्र वास यायचा, मागून कुरकुर ऐकू यायची आणि तो कान देऊन म्हणायचा, "ऐक, बसतायत." यंदा आम्ही घाऊक बाजाराच्या मागच्या ट्रकांच्या मैदानावर गेलो होतो. सुट्टीचा दिवस, ट्रक एकही नाही, जमिनीवर कोबीची वाळलेली पानं. मुलीला आत्याकडे सोडलं होतं. सगळं नेहमीसारखं चाललं होतं आणि एका डाव्या गोलानंतर गाडी उजवीकडे वळलीच नाही. पुन्हा डावीकडेच गेली. मी हसले. मी चक्क हसले आणि म्हटलं, "अरे, आठ काढायचाय, शून्य नाही." गाडी आणखी एकदा डावीकडे फिरली. तीच पानं, तोच विजेचा खांब, तीच भिंत. मग मी त्याच्याकडे पाहिलं. हात स्टिअरिंगवर होते, अंगठा त्याच्या शिवणीवरून पुढेमागे घासत होता, आणि तोंड हलत होतं, काहीतरी चघळल्यासारखं, तोंडात काही नसताना. डोळे उघडे होते. त्यांत मी नव्हते. मैदानही नव्हतं. मी हाक मारली, मग त्याच्या दंडाला धरून हाक मारली. बापरे, तो दंड किती शांत होता. गाडी आपली संथ, आज्ञाधारक, गोल फिरत होती, नव्या प्लेटी कुरकुरत होत्या. मग त्याने एक श्वास घेतला, स्टिअरिंग सरळ केलं, उजवीकडे वळून आठ पुरा केला आणि म्हणाला, "काय झालं? अशी काय बघतेस?"

चक्कर, असं तो म्हणाला. गोल गोल फिरून कुणालाही येईल, वर ऊन, वर तेलाचा वास. "तोंड काय चावत होतास?" "काहीतरीच तुझं." मी डॉक्टरांचं नाव काढलं की तो उठून जायचा. एकदा तेवढं बोलून गेला, "डॉक्टरकडे गेलो की ते नोंदवणार, आणि क्लबाला कळलं की माझं शर्यतीचं लायसन्स गेलं. हवंय का तुला?" मला काय हवं होतं ते मी सांगितलं नाही. मी मूग गिळून बसले आणि त्याच्यावर पहारा ठेवायला लागले. जेवताना त्याचा घास तोंडाशी क्षणभर थांबला की मी माझा घास खाली ठेवायचे. दाढी करताना पाणी नुसतंच वाहत राहिलं की मी टॉवेल द्यायच्या निमित्ताने दार ढकलायचे. "काय आहे?" तो खेकसायचा. "टॉवेल." "आहे की इथे." अशी आमची बोलणी. एकदा जिन्यात दिवा लावायला हात वर केला आणि तसाच उभा राहिला, मी खालच्या पायरीवरून बघत होते, मग म्हणाला, "बल्ब गेलाय वाटतं." बल्ब खरंच गेला होता. माझीच मला लाज वाटली, आणि तरी भीती काही गेली नाही. ती सगळी भीती जाऊन बसायची एकाच ठिकाणी, घाटात. येत्या रविवारी घाटाची शर्यत होती. एकेक गाडी एकटी वर सोडतात, घड्याळ लावून. मी बरीच वर्षं तो घाट बघितलाय, त्याची वळणं मला तोंडपाठ आहेत. डावं वळण संपतं की उजवं येतं, आणि उजव्याच्या पुढे कठडा नाही, नुसतं आभाळ. कवळी घासताना, भाजी चिरताना, मुलीची वेणी घालताना मला ती गाडी डावीकडे वळताना दिसायची आणि उजवीकडे वळायचीच नाही.

मैदानावरून आल्यावर त्याने डिफ काढला. म्हणाला, प्लेटींची रचना चुकलीये, आवाज बरोबर नाही, पुन्हा बांधायला हवा. तेव्हापासून गाडी गॅरेजात ठोकळ्यांवर उभी आणि डिफ टेबलावर. रोज संध्याकाळी जेवण झालं की तो गॅरेजात जायचा, आणि भिंतीपलीकडून पाना वाजायचा, कट, कट, कट. मी भांडी आवरत ते ऐकायचे. तो आवाज मला शत्रूसारखा झाला होता. कुणीतरी रोज थोडं थोडं माझ्या माणसाचं सरण रचतंय असं वाटायचं. "झाला का?" विचारलं की "होतोय." "रविवारी जाणार आहेस का?" "नाव दिलंय ना." या आठवड्यात त्याने सांगून टाकलं की शनिवारी मित्र मदतीला येतोय, तेव्हा बसवून टाकतो. त्या संध्याकाळी मी जाहिरात टाकली. किल्ली लपवून उपयोग नव्हता, क्लबाला फोन करायचं धाडस नव्हतं, आणि टायर फाडला असता तर त्याने दुसरा आणला असता. हा डिफ मात्र दुसरा मिळणार नव्हता. त्या गाडीसाठी तो बनायचा बंद होऊन जमाना झाला. नवऱ्याने वर्षानुवर्षं पत्ते शोधून, भंगारवाल्यांच्या विनवण्या करून तो मिळवला होता. मी काय विकतेय ते मला पुरतं माहीत होतं. जाहिरातीत मी त्याचीच वाक्यं घातली, कारण माझी स्वतःची नव्हती: वापरलेला, प्लेटी बिघडलेल्या, बांधणी पुन्हा करावी लागेल. भाव इतका पाडून लिहिला की कुणीही धावत यावं.

गुरुवारी तो गोदामातून थेट मुलीला पोहण्याच्या क्लासवरून आणायला जातो, घरच्या गाडीने. मग तिला काहीतरी खाऊ घालतो, दोघं तळ्यापाशी रेंगाळतात, अंधार पडता पडता येतात. ते गणित धरूनच मी माणसाला बोलावलं होतं. घरी पोचले तर तो माणूस फाटकापाशी येऊन उभाच होता. बुटका, जाड चष्म्याचा, हातात फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी लांबडं. "ताई, मीच तो डिफवाला. म्हणजे धंद्याने लिफ्टवाला. उंच इमारतींच्या लिफ्टा बघतो. रविवारचा तेवढा हा गाडीचा नाद." बोलता बोलता त्याने गॅरेजाकडे असं पाहिलं की मला त्याचा नाद पटला. मी शटर वर केलं. "मिस्टर?" "कामात आहेत. त्यांनीच सांगितलंय दाखवायला." खोटं इतकं सहज निघालं की मीच चकित झाले. डिफ टेबलावर पुसून ठेवलेला होता, जवळ पाने आकाराप्रमाणे मांडलेले. संध्याकाळचं ऊन तिरपं आत आलं होतं. मला वाटलं होतं तो माणूस बघेल, उचलेल, निघेल. पण तो स्टूल ओढून बसला. चष्मा कपाळावर चढवून नाक लोखंडाला लागेपर्यंत वाकला. मी शटरपाशी उभी राहून गल्लीकडे बघत होते. गल्लीत गाडीचा आवाज आला की मी अर्धी बाहेर व्हायचे. कुणाची तरी दुसरीच गाडी असायची.

"गाडी कुठली? ही?" त्याने ठोकळ्यांवरच्या गाडीकडे बोट केलं. "हो." "ही विकणार नाही?" "नाही." "नुसता डिफ विकणार." "हो म्हटलं ना. तुम्हाला घ्यायचाय की चौकशी करायचीय?" माझा आवाज चढला. तो ओशाळला. "तसं नाही ताई. बघून घेतलेलं बरं." त्याने फडकं सोडलं, आत मापाचा पाना होता, किती जोर लागला ते दाखवणारा. डिफची एक बाजू त्याने टेबलावरच्या शिकंज्यात आवळली, दुसऱ्या बाजूला पाना लावला आणि हळूहळू जोर द्यायला लागला. मला ती तपासणी ठाऊक होती. प्लेटी खाल्लेल्या असल्या तर दुसरी बाजू सहज फिरते, पोरसुद्धा हाताने फिरवेल. चांगल्या असल्या तर खूप जोर लागतो आणि मग एकदम सुटते. त्याच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या, स्टूल सरकलं, तो उठून उभा राहिला आणि अंगाचा भार घातला. तेव्हा कुठे ती बाजू किंचित फिरली. त्याने मापाकडे पाहिलं. पुन्हा एकदा केलं. मग खालचं बूच सैल करून बोटावर थेंबभर तेल घेतलं, उन्हात धरलं, दोन बोटांत चोळलं. तेल मधासारखं स्वच्छ होतं.

"ताई, ही जाहिरात कुणी लिहिली?"

"का?"

"प्लेटी बिघडल्यात म्हणालात. हा तर एकदम ठणठणीत आहे. काही म्हणता काही झालेलं नाही याला. असा बांधलेला मी आजवर बघितला नाही." मग तो पुन्हा वाकला आणि गोल कडेने एकेक बोल्टवर नख फिरवत गेला. "पण एक कळत नाही. बोल्ट आवळला की खूण म्हणून आपण रंगाची रेघ मारतो, बरोबर? सुटला तर रेघ तुटते, कळतं. इथे रेघेवर रेघ आहे. पांढरी, तिच्यावर पिवळी, मग निळी. ही लाल तर... हा रंग नाही, ताई. ही नखांना लावतात ती लाली आहे." मी पुढे झाले. माझीच होती. बाटली मी घरभर शोधली होती, मुलीवर ओरडलेही होते. "म्हणजे बघा, बांधायचा, खूण करायची, पुन्हा सोडायचा, पुन्हा बांधायचा. रोज केल्यासारखं. असं कोण कशाला करेल?"

मी टेबलाची कड धरली. कोण कशाला करेल ते मला तिथे उभ्या उभ्या कळलं. डिफ कधीच तयार झाला होता. मैदानावरून आल्यावर पहिल्याच दोन-चार संध्याकाळी झाला असणार. आवाज बरोबर होता, रचना बरोबर होती, चूक काही नव्हतीच. तो रोज इथे येऊन बसायचा आणि चांगला बांधलेला डिफ सोडून पुन्हा बांधायचा, म्हणजे तो गाडीत बसवायला नको. भिंतीपलीकडे मी जो आवाज शत्रूचा म्हणून ऐकत होते तो शत्रूचा नव्हता. तो घाबरलेल्या माणसाचा होता. मला आधी राग आला, इतका की डोळ्यांत पाणी आलं. अरे, मग सांगायला काय झालं होतं? मी तिकडे भांड्यांपाशी जळत होते, तू इकडे, आणि मध्ये एका विटेची भिंत. तुला वाटत होतं कुणीतरी येऊन थांबवावं, आणि मी टॉवेल घेऊन दारं ढकलत होते. मग रागाच्या पोटातून दुसरंच काहीतरी वर आलं, आणि ते माया होतं हे मला कबूल आहे. लालीची ती वाकडीतिकडी रेघ बघून मला त्याची इतकी कीव आली, इतका तो मला माझा वाटला, की त्या परक्या माणसासमोर तो लोखंडाचा गठ्ठा कवटाळून बसावंसं वाटलं. आता विकायची गरज होती का? त्याने स्वतःच तर थांबवलं होतं. पण शनिवारी मित्र येणार, चार माणसांत भीती सांगता येणार नाही, हसत हसत डिफ बसवला जाईल आणि रविवारी हा हसत हसत घाटात जाईल. नाही. मी विकते. त्याने हवं तर जन्मभर माझ्यावर डूख धरावा. त्याची भीती झाकली जाईल, दोष माझ्या माथी येईल, आणि माणूस जिवंत राहील. "घेऊन जा," मी म्हटलं. "आत्ताच्या आत्ता घेऊन जा."

पण लिफ्टवाल्याने हात मागे घेतले. "ताई, राग नका मानू. माल हा असा, भाव तो तसा, आणि मालक समोर नाही. मिस्टरांना एक फोन लावता का? मी बोलतो. एखाद्याच्या रोजच्या हातातली वस्तू अशी उचलून न्यायला मन धजत नाही." "मी त्यांची बायको आहे." "म्हणूनच," तो म्हणाला, आणि जागचा हलला नाही. मला त्याच्या सज्जनपणाचा संताप आला. माणसाने इतकं सरळ असू नये. मी काहीतरी लागट बोलणार, तेवढ्यात फाटकाशी गाडी थांबली. ही ओळखीची होती. क्लास लवकर सुटला असणार. इंजिन बंद झालं, पुढचं दार वाजलं, बुटांचा आवाज आला आणि नवरा शटरखालून वाकून आत आला. त्याने शिकंज्यातल्या डिफकडे पाहिलं, मापाच्या पान्याकडे पाहिलं, परक्या माणसाकडे पाहिलं, आणि सर्वांत शेवटी माझ्याकडे. त्या नजरेला तोंड देण्यासाठी मी कालपासून शब्द जुळवत होते. त्यातला एकही जागेवर नव्हता.

"साहेब, तुमचाच ना हा?" लिफ्टवाला उभा राहिला. "विकायचाय असं कळलं. विकायचाय ना?"

  नवऱ्याने डिफवर हात ठेवला, गुरांच्या पाठीवर ठेवतात तसा, आणि म्हणाला, "हो. विकायचाय."

"एवढा चांगला बांधून?"

"हो."

"का पण?"

मी डोळे मिटले. आता तो म्हणेल, हौस फिटली. म्हणेल, वेळ मिळत नाही. तसं म्हणाला असता तरी चाललं असतं, मला तेवढंही पुरलं असतं. पण तो म्हणाला, "मला काहीतरी होतं हल्ली. मी असतो आणि नसतो. समोरचं दिसत असतं पण ते काय आहे ते कळत नाही. थोडा वेळ. मग परत येतो. ही सोबत होती एकदा, घाबरली. नंतरही झालंय. गोदामात झालंय, हिला माहीत नाही. शिडीवर होतो." तो माझ्याकडे न बघता, त्या परक्या माणसाला सांगत होता, एखाद्या तिसऱ्याच्याच आजाराबद्दल सांगावं तसं. "अशा माणसाने गाडी चालवायची नसते. घाटात तर नाहीच नाही. मला बोलवत नव्हतं कुणाजवळ. हिने जाहिरात दिली ते बरं केलं. घेऊन जा तुम्ही. शनिवारच्या आत घेऊन जा."

  संपलं. घाट संपला, ते उजवं वळण संपलं, रोजचा तो पाना संपला. उद्या डॉक्टरकडे जाऊ, मी रजा काढीन, खरं कारण सांगून काढीन. मी पुढे होऊन त्याची बाही धरली आणि त्याने ती सोडवून घेतली नाही. उलट माझ्या बोटांवर हात ठेवला.  "अरे, वेडा आहेस का तू," एवढंच मला बोलता आलं. "किती दिवस एकटा बसलास." तो म्हणाला, "तूही." आम्ही दोघं हसलो, रडता रडता हसतात तसलं, आणि लिफ्टवाला बिचारा संकोचून आपला पाना फडक्यात गुंडाळत राहिला. गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली. त्याला काहीतरी बोलायचं होतं आणि बोलावं की नाही ते ठरत नव्हतं. शेवटी त्याने चष्मा खाली घेतला, शटरबाहेर एकवार पाहिलं आणि अगदी साध्या आवाजात, कामावर विचारतात तसं, विचारलं, "साहेब, मग आत्ता गाडी कोणी चालवत आणली?"

नवऱ्याचा हात माझ्या बोटांवर होता तसाच राहिला. मी त्याच्याकडे पाहिलं, त्याने माझ्याकडे. उत्तर आम्हा दोघांनाही माहीत होतं. प्रश्न मात्र या सगळ्या दिवसांत आम्हा दोघांपैकी कुणालाही पडला नव्हता. घरच्या गाडीला आम्ही कधी गाडी म्हटलंच नव्हतं. फाटकाबाहेर ती उभी होती, पुढचं दार अर्धवट उघडं. मागच्या सीटवर ओल्या केसांची आमची मुलगी पट्ट्याच्या खटक्याशी झटापट करत होती. तो अडकला होता. ती काचेवर तळहात आपटून आम्हाला हाका मारत होती, आधी लाडाने, मग वैतागून. जायला हवं होतं. चार पावलांवर तर होती. पण माझे पाय उचलेनात, त्याचेही उचलेनात, आणि शेवटी लिफ्टवालाच गेला आणि त्याने तिला सोडवलं.